‘बनावट जाणीव’ कुठून आली? ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ हा पेपर वाचताना



एखादा इंग्रजी रिसर्च पेपर वाचताना तुम्हाला ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ असा शब्दप्रयोग दिसला, तर तुम्ही काय कराल? काउंटरफिट कॉन्शसनेस, म्हणजे बनावट जाणीव. आपल्यातले बहुतेक जण काहीच करत नाहीत. आपलं इंग्रजी कच्चं आहे, विषय नवा आहे, असेल एखादी संकल्पना, असं मनाशी म्हणून पुढच्या ओळीवर जातात. पेपर छापून आलाय, नावाजलेल्या प्रकाशकाचा आहे, मग चूक आपलीच असणार!

पण अशी संकल्पना अस्तित्वातच नाही. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’. आर्टिफिशियल काढून काउंटरफिट टाकलं, इंटेलिजन्स काढून कॉन्शसनेस टाकलं, एवढंच. आणि हा एकटा नाही. ‘बिग डेटा’चं झालं ‘कोलोसल इन्फर्मेशन’. ‘डीप न्यूरल नेटवर्क’चं ‘प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन’. ‘सिग्नल टू नॉईज’चं ‘फ्लॅग टू क्लॅमर’, म्हणजे झेंडा आणि कोलाहल. ‘अँट कॉलनी’तल्या मुंग्यांचे झाले ‘अंडरग्राउंड क्रीपी क्रॉली’. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ झालं. आणि ‘किडनी फेल्युअर’चं चक्क ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’, मूत्रपिंडाची निराशा.

पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पण हे शब्द छापील, क्रमांक असलेल्या, संदर्भ म्हणून देता येणाऱ्या पेपर्समध्ये आहेत. उद्या तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत त्यातला एखादा पेपर येऊ शकतो. म्हणून आज आपण या शब्दांवरचाच एक पेपर उघडून वाचणार आहोत. तो काय सांगतो, कोणता दावा भक्कम आहे, कोणता डळमळीत आहे आणि कोणता प्रश्न त्याने पुरेसा विचारलेला नाही, हे बघू. पेपर म्हणजे जुलै २०२१ मध्ये अर्काइव्हवर आलेला प्रीप्रिंट, ‘टॉर्चर्ड फ्रेझेस: अ ड्यूबियस रायटिंग स्टाइल इमर्जिंग इन सायन्स’. लेखक तीन: फ्रान्समधल्या तुलूजचे संगणकशास्त्रज्ञ ग्वियोम काबानाक, ग्रनोबलचे सिरिल लाबे आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर अलेक्झांडर मॅगाझिनोव्ह.

हे शब्द तयार कसे होतात?

आधी मराठीत करून बघू, म्हणजे यंत्र काय करतं ते लगेच कळेल. ‘घोडचूक’ हा शब्द घ्या. यंत्राला सांगा, घोड्याच्या जागी समानार्थी शब्द टाक आणि चुकीच्या जागीही टाक. उत्तर येईल ‘अश्वप्रमाद’. ‘त्याने कानाडोळा केला’चं होईल ‘त्याने कर्णनेत्र केले’. ‘पोटात गोळा आला’चं होईल ‘उदरात तोफगोळा पोहोचला’. प्रत्येक सुटा शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर असतो, पण अर्थ मात्र हरवलेला असतो, कारण वाक्प्रचाराचा अर्थ त्यातल्या शब्दांची बेरीज नसते.

शास्त्रातल्या पारिभाषिक संज्ञा याच जातीच्या. ‘रँडम फॉरेस्ट’ या पद्धतीत कुठलंही जंगल नसतं. ते अनेक डिसिजन ट्रीज एकत्र करून काढलेलं उत्तर असतं. ज्याला हे माहीत आहे तो ‘फॉरेस्ट’च्या जागी ‘वुडलँड’ कधीच लिहिणार नाही. यंत्राला ते माहीत नाही, म्हणून ते ‘इर्रेग्युलर टिंबरलँड’ लिहून मोकळं होतं.

हे तंत्र विद्यापीठांमध्ये जन्मलेलं नाही, ते स्पॅमच्या धंद्यातून आलं. सर्च इंजिनमध्ये आपली पानं वर यावीत म्हणून एकच लेख शेकडो ठिकाणी टाकायची पद्धत होती. पण सर्च इंजिनं तंतोतंत सारखा मजकूर ओळखून बाजूला टाकू लागली. मग एका लेखाचे पन्नास ‘वेगळे’ लेख करून देणारी साधनं आली. या प्रकाराला आर्टिकल स्पिनिंग म्हणतात. ती पानं माणसाने वाचावीत म्हणून लिहिलेलीच नसायची. यंत्राने ती वेगळी समजावीत, एवढंच काम. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे. पुढे हीच साधनं ‘पॅराफ्रेझिंग टूल’ असं सभ्य नाव घेऊन विद्यार्थ्यांच्या आणि पैसे घेऊन पेपर तयार करून देणाऱ्या ‘पेपर मिल’वाल्यांच्या हातात आली.

पेपरची पार्श्वभूमी

बनावट पेपर पकडण्याचं काम लाबे बरीच वर्षं करत होते. २००५ साली एमआयटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी ‘सायजेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की संगणकशास्त्राचा एक निरर्थक पेपर तयार, आलेख आणि संदर्भसूचीसकट. कॉन्फरन्सवाले काहीही स्वीकारतात हे दाखवण्यासाठी केलेली ती थट्टा होती आणि त्यातला एक पेपर एका कॉन्फरन्समध्ये खरंच स्वीकारलाही गेला. गंमत इथे संपायला हवी होती. पण काही लोकांनी तो प्रोग्रॅम गंभीरपणे वापरला. २०१४ मध्ये लाबे यांच्या शोधामुळे स्प्रिंगर आणि आयईईई या दोन मोठ्या प्रकाशकांना मिळून १२० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले.

सायजेनचे पेपर पकडणं सोपं होतं, कारण प्रोग्रॅमचं व्याकरण ठरलेलं होतं. टॉर्चर्ड फ्रेझेसवाले पेपर त्यापेक्षा अवघड. त्यात कुणाच्या तरी खऱ्या पेपरचा सांगाडा असतो, फक्त कातडी बदललेली असते. समानतेचं सॉफ्टवेअर त्याला ‘नवा’ म्हणतं. म्हणून लेखकांनी उलटा विचार केला: सारखेपणा शोधण्याऐवजी विचित्रपणा शोधायचा. विचित्र शब्दप्रयोगांची यादी करायची, प्रत्येकासमोर त्याची मूळ संज्ञा लिहायची आणि यादी घेऊन छापील साहित्य चाळायचं. याच कल्पनेवर काबानाक यांचं ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’ चालतं. ते संशयास्पद पेपर वेगळे काढतं, मग माणसं ते वाचतात आणि आक्षेप पबपीअरवर जाहीरपणे नोंदवतात.

तीन पुरावे, तीन वजनं

आता मुख्य भाग. या प्रीप्रिंटमध्ये एल्सेव्हिअरच्या ‘मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स’ या जर्नलची खास तपासणी आहे आणि तिथे लेखकांनी तीन प्रकारचे पुरावे मांडलेत. पेपर वाचताना नवशिका वाचक काय करतो? तिन्ही एका टोपलीत टाकतो आणि म्हणतो, ‘सिद्ध झालं.’ तसं करू नका. प्रत्येक पुरावा वेगळा उचलून बघा.

पहिला पुरावा म्हणजे शब्द. माझ्या मते हा सगळ्यात भक्कम, कारण तो तुम्ही आणि मी हाताने तपासू शकतो. पेपर उघडा, ओळ शोधा, संज्ञा ताडून बघा. यासाठी मोठा संगणक लागत नाही की कुणाची परवानगी लागत नाही. पण यातून नेमकं काय सिद्ध होतं ते मोजून बोला. सिद्ध होतं ते एवढंच: हा मजकूर विषय समजणाऱ्या माणसाच्या हातातून शेवटच्या स्वरूपात गेलेला नाही. लेखक, समीक्षक, संपादक, मुद्रितशोधक यांपैकी एकानेही तो परिच्छेद समजून वाचला असता, तर ‘झेंडा आणि कोलाहल’ तिथे राहिला नसता. प्रयोग खोटे आहेत का, मजकूर चोरलेला आहे का, की एखाद्या प्रामाणिक पण घाबरलेल्या विद्यार्थ्याने स्वतःचंच लेखन यंत्रातून काढलंय, हे शब्द सांगत नाहीत. त्यासाठी मूळ पेपर शोधून दोन्ही शेजारी ठेवावे लागतात.

दुसरा पुरावा तारखांचा. पेपरच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: कधी मिळाला, कधी सुधारला, कधी स्वीकारला. आपण ते कधी वाचत नाही. लेखकांनी वाचलं. मिळणं आणि स्वीकारणं यांतलं अंतर या जर्नलमध्ये अचानक घसरलेलं दिसलं आणि कित्येक पेपर्सच्या तारखा एकसारख्या निघाल्या. पुढे एल्सेव्हिअरने या जर्नलच्या विशेषांकांमधल्या ४०० हून अधिक पेपर्सवर ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’, म्हणजे शंका असल्याची जाहीर सूचना लावली. स्पष्टीकरण असं दिलं, की संपादन यंत्रणेच्या मांडणीतल्या चुकीमुळे हे पेपर नेहमीप्रमाणे मुख्य संपादकांकडे मंजुरीसाठी गेलेच नाहीत. हा पुरावा लेखकांच्या भाषेबद्दल काहीच सांगत नाही, तो जर्नलच्या कारभाराबद्दल बोलतो. म्हणूनच तो मोलाचा आहे. शब्द एका बाजूने आणि तारखा दुसऱ्या बाजूने त्याच जागी पोहोचतात. दोन स्वतंत्र वाटा एका ठिकाणी मिळणं, यालाच आपण मेथडॉलॉजीच्या तासाला ‘ट्रायँग्युलेशन’ म्हणतो.

तिसरा पुरावा इथे मला खटकतो. लेखकांनी सारांशांचा मजकूर जीपीटी-२ ओळखणाऱ्या डिटेक्टरमधून काढला आणि कोणत्या जर्नलमध्ये ‘यंत्राने लिहिलेला वाटतो’ असा गुण जास्त येतो ते दाखवलं. अडचण अशी की हा गुण हाताने तपासता येत नाही. डिटेक्टर ‘का’ ते सांगत नाही. शिवाय समानार्थी शब्द भरणारं साधन आणि जीपीटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा डिटेक्टर दुसरीवर चालवून मिळालेल्या गुणाचा अर्थ काय लावायचा? २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर ९१ टोफेल निबंधांवर चालवून पाहिले. टोफेल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची परीक्षा. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांवर सरासरी ६१ टक्के वेळा ‘यंत्राने लिहिलं’ असा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले.

हा अभ्यास २०२१ च्या लेखकांना उपलब्ध नव्हता आणि त्यांनी एकट्या डिटेक्टरवर निकाल दिलेला नाही, हे मान्य करायला हवं. तरीही धडा आपल्यासाठी आहे. मर्यादित शब्दसंपदेचं, साच्यातलं इंग्रजी लिहिणारे आपण आहोत. नाशिकच्या, नांदेडच्या, पणजीच्या विद्यार्थ्याने जपून लिहिलेला साधा परिच्छेद डिटेक्टरला यंत्राचा वाटू शकतो. ‘कोलोसल इन्फर्मेशन’ लिहिणारा आणि साधं इंग्रजी लिहिणारा यांना एकाच पिंजऱ्यात उभं करणारा पुरावा मी तरी शेवटी ठेवीन.

आणखी एक मर्यादा पद्धतीतच आहे. यादीत असेल तेच सापडणार. यादीत नसलेला छळलेला शब्द चाळणीतून खाली पडणार. उलट बाजूने, हे शब्द केवळ उदाहरण म्हणून देणारा पेपरही अडकणार. खुद्द हा प्रीप्रिंट चाळणीत टाकला तर सगळ्यात वर तोच येईल! म्हणून सापडलेल्या पेपर्सचा आकडा म्हणजे फसवणुकीचा आकडा नव्हे. तो निष्काळजी फसवणुकीचा आकडा आहे. आज चॅटजीपीटीसारखी साधनं ‘रँडम फॉरेस्ट’ला हात न लावता वाक्य सफाईने फिरवतात. तिथे ही चाळणी आंधळी आहे.

एका ठिपक्याची गोष्ट

विचित्र शब्द दिसला की ‘पेपर मिल!’ म्हणून ओरडायची घाई का करू नये, यासाठी दुसरा एक शब्द बघा: ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असतो, ‘स्कॅनिंग’ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी असते, पण ‘व्हेजिटेटिव्ह’ अशी काही नसते. तरी हा शब्दप्रयोग पेपर्समध्ये फिरत होता. रशियातल्या एका रसायनशास्त्रज्ञ वाचकाच्या नजरेला तो खटकला आणि शोध सुरू झाला.

माग लागला १९५९ सालापर्यंत. ‘बॅक्टेरिऑलॉजिकल रिव्ह्यूज’ या जर्नलमधला पेपर दोन स्तंभांत छापलेला होता. डाव्या स्तंभात एका ओळीच्या शेवटी ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि शेजारच्या स्तंभात त्याच रेषेवर ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. जुनं पान स्कॅन करून मजकुरात बदलताना यंत्राने स्तंभ न ओळखता ओळ सरळ वाचली आणि दोन अनोळखी शब्दांचं लग्न लागलं.

सगळ्यांना वाटलं, मूळ सापडलं. पण मग पुढे आली फारसी भाषा. फारसीत ‘स्कॅनिंग’साठीचा शब्द ‘रूबेशी’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’साठीचा ‘रूयेशी’. लिहिताना दोघांत फरक फक्त एका ठिपक्याचा. २०१७ आणि २०१९ च्या इराणी लेखकांच्या दोन पेपर्समध्ये हा शब्दप्रयोग इंग्रजी सारांशात आणि चित्रांखालच्या ओळींत आहे. ठिपका चुकला, भाषांतरात स्कॅनिंगचं व्हेजिटेटिव्ह झालं, हे स्पष्टीकरण तिथे जास्त पटतं. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतली वेलांटी चुकली की दिवसाचा गरीब होतो, तसंच हे. त्यात चोरी नाही, मिलही नाही.

आणि कथा तिथेही थांबत नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी भाषिक मॉडेल्सना त्या जुन्या पेपरमधली अर्धी ओळ देऊन पुढचं लिहायला सांगितलं. बर्ट आणि जीपीटी-२ या जुन्या मॉडेल्सनी ही चूक केली नाही. जीपीटी-३ ने ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ लिहून दिलं आणि नंतरच्या काही मॉडेल्समध्येही ती चूक टिकून राहिली. कॉमन क्रॉल नावाच्या, इंटरनेट खरवडून केलेल्या प्रचंड साठ्यातून ती शिरली असावी, असा त्यांचा अंदाज. म्हणजे आता हाच शब्द तीन वाटांनी येऊ शकतो: स्कॅनिंगची चूक, ठिपक्याची चूक किंवा यंत्राने शिकलेली चूक. लक्षण एक, कारणं तीन. काबानाक आणि मंडळींचा प्रीप्रिंट वाचून आपण शब्दावरून थेट कारण सांगू लागलो, तर ती आपली चूक, पद्धतीची नव्हे.

एका बाबतीत मात्र कारण कुठलंही असो, निष्कर्ष तोच राहतो. तो शब्द लिहिल्यापासून छापेपर्यंत वाटेवर जी माणसं होती, त्यांनी वाचलं नाही.

शब्दांना छळलं कोणी?

आता माझा या पेपरशी मुख्य वाद. शीर्षकात लेखक याला ‘रायटिंग स्टाइल’, लेखनशैली म्हणतात. शैली म्हटली की बोट लिहिणाऱ्याकडे जातं. भाषांतर आणि पॅराफ्रेझिंगची साधनं यामागे असावीत, हे ते सांगतात, पेपर मिलचा उल्लेखही करतात. पण माणूस हे साधन उघडतो कधी आणि का, हा प्रश्न त्यांच्या पेपरच्या कडेलाच राहतो. आपल्यासाठी तो मधोमध आहे.

थिसिस सबमिट करणाऱ्या सीनिअरला लॅबमध्ये पहिला प्रश्न काय विचारला जातो? ‘सिमिलॅरिटी किती आली?’ थिसिस कशावर आहे, काय निघालं, हे नंतर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे समानता १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर थांबायचं आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. हेतू चांगला आहे, आपल्याकडे चोरी होत नव्हती असं कोण म्हणेल? पण टक्का मोजतो कोण? सॉफ्टवेअर. आणि सॉफ्टवेअर कल्पना मोजत नाही, शब्दांच्या ओळी मोजतं. मग टक्का कमी करायचा सोपा उपाय कोणता? कल्पना तीच ठेवायची आणि शब्द बदलायचे. स्पॅमवाल्यांनी सर्च इंजिनला चुकवण्यासाठी केलं, नेमकं तेच. मजकूर माणसाने वाचावा म्हणून नाही, यंत्राने वेगळा समजावा म्हणून.

यातली दुःखाची गोष्ट माहिती आहे का? ती नियमावली बहुतेक जण पूर्ण वाचतच नाहीत. समानता तपासताना काय वगळायचं, हे तिच्यातच लिहिलं आहे: संदर्भ देऊन केलेली अवतरणं, संदर्भसूची, प्रचलित संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. शिवाय सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत. म्हणजे ‘रँडम फॉरेस्ट’ किंवा ‘किडनी फेल्युअर’ बदलण्याची गरज कधीच नव्हती! नियमाने मागितलं नाही, ते भीतीने दिलं. सॉफ्टवेअरच्या अहवालात लाल-पिवळ्या रंगात दिसणारी प्रत्येक ओळ गुन्हा आहे, असं आपण धरून बसलो. तो अहवाल वाचून, काय वगळायचं ते ठरवून मग मत द्यायचं काम माणसाचं होतं. तेही टक्क्यावर सोडलं गेलं.

म्हणून मी म्हणेन, हे छळलेले शब्द म्हणजे शैली नाही, ती पावती आहे. टक्का बघून सोडणाऱ्या तपासणीची पावती, पेपर मोजून बढती देणाऱ्या पद्धतीची पावती, विशेषांकांमागून विशेषांक काढणाऱ्या प्रकाशकांची पावती. लिहिणाऱ्याची जबाबदारी यातून सुटत नाही. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणं ही चोरीच आहे, ती ‘दबाव होता’ म्हणून माफ होत नाही. पण फक्त लिहिणाऱ्याला पकडून यंत्रणा तशीच ठेवली, तर पुढचा माणूस जास्त चांगलं यंत्र वापरेल, इतकाच फरक पडेल. आणि ते आता घडतंच आहे.

तुमच्यासमोर असा शब्द आला तर

वाद बाजूला ठेवून कामाचं बोलू.

पहिलं, खटकलेल्या शब्दावर थांबा. ‘मलाच कळत नाही’ हे शेवटचं स्पष्टीकरण ठेवा, पहिलं नको. तो शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत घालून शोधा. पाठ्यपुस्तकात, शब्दकोशात, विषयातल्या जुन्या पेपर्समध्ये तो नसेल आणि फक्त दोन-चार वर्षांतल्या विखुरलेल्या पेपर्समध्ये असेल, तर शंका घ्या.

दुसरं, मूळ संज्ञा ओळखायचा प्रयत्न करा. प्रत्येक शब्दाचा समानार्थी शब्द लावून बघा. ‘गलिबल बेझ’ दिसलं तर ‘नाईव्ह बेझ’ आठवायला वेळ लागणार नाही. ज्याला विषय येतो त्यालाच हे जमतं, म्हणून आपल्या विषयाच्या संज्ञा पक्क्या असणं हे तुमचं पहिलं संरक्षण.

तिसरं, पहिल्या पानावरच्या तारखा वाचा. विशेषांक आहे का ते बघा. पेपर पबपीअरवर शोधा. त्यावर काही सूचना लागली आहे का, तो मागे घेतलाय का, ते प्रकाशकाच्या पानावर बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथं, शंका असेल तो पेपर संदर्भात घेऊ नका. आणि घेतलेल्या प्रत्येक संदर्भाचं निदान मूळ पान स्वतः वाचा. मूत्रपिंडाच्या आजारावर रिव्ह्यू करणाऱ्याने ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’वाला पेपर तक्त्यात घेतला, तर त्यातले आकडे त्याच्या निष्कर्षात मिसळतात आणि पुढचा वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो. खोटा शब्द हसण्यावारी जाईल, खोटा आकडा नाही.

पाचवं, स्वतः लिहिताना संज्ञा बदलू नका. टक्का जास्त आला तर गाईडसमोर अहवाल घेऊन बसा, कुठली ओळ वगळण्यासारखी आहे ते नियम दाखवून बोला. वाक्य दुसऱ्याचं असेल तर अवतरणात घाला. कल्पना दुसऱ्याची असेल तर नाव द्या. आणि समजलेलं असेल तर पेपर बंद करून, न बघता, स्वतःच्या शब्दांत लिहा. ते वाक्य साधं असेल, चालेल. साधं इंग्रजी हा दोष नाही.

आणि सहावं, कुणावर जाहीर आरोप करण्याआधी ठिपक्याची गोष्ट आठवा. ‘या पेपरमध्ये अमुक पानावर अमुक शब्द आहे, त्याची प्रचलित संज्ञा अमुक’ इतकं लिहिलं तरी पुरतं. कारण सांगायचं ओझं त्या लेखकांवर आणि जर्नलवर टाका.

‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ हा पेपर मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. त्याचा तिसरा पुरावा मला कमकुवत वाटतो आणि शीर्षक पटत नाही, तरीही. कारण त्याचं मुख्य काम तीन माणसांनी ओळीन् ओळ वाचल्यामुळे झालं आहे. त्यांनी वापरलेला मजकूर हजारो लोकांसमोर उघडा होता. तो वाचण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी तो वाचला नव्हता.

घरचा अभ्यास: तुमच्या विषयातल्या पाच संज्ञा घ्या, समानार्थी शब्द घालून त्या स्वतःच छळा आणि मग त्या कुठे छापून आल्या आहेत का ते शोधा. निदान एक तरी सापडली, तर तो पेपर पूर्ण वाचा. कुणीतरी वाचायलाच हवा.